बॅटरी उतरेल म्हणून

मास्तरांची गाडी पुन्हा एकदा सुरू होईना, तेव्हा त्यांची लेक दवाखान्याच्या पायरीवर एका पायावर उभी होती. दुसरा पाय प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी तपासून सोडलं होतं, बाबा न्यायला येतो म्हणाले होते, आणि बाबा तिकडे घरासमोर गाडीत बसून चावी फिरवत होते. गाडी नुसतं 'टक' म्हणायची आणि गप्प बसायची.

शेवटी बॅटरीवाल्याला फोन गेला. त्यानं येऊन आपल्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडल्या आणि मास्तरांची गाडी सुरू करून दिली. मास्तर दवाखान्यात पोचले तोवर लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कुबड्या मागच्या सीटवर फेकून ती पुढे बसली.

"बाबा, तुम्ही लोकांना गाडी शिकवलीत ना? जन्मभर?"

"शिकवली."

"मग?"

"तो प्लास्टरचा पाय ब्रेकवर ठेवू नकोस," मास्तर एवढंच म्हणाले.

हा ब्रेक ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे होता. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शिव्या खात गिअर टाकायला शिकलेलं. निवृत्त होताना त्यांनी स्कूलची जुनी गाडी स्वतःकडे ठेवून घेतली, शिकवणीची, म्हणून शेजारीही एक ब्रेक. विद्यार्थी भिंतीवर चढायला निघाला की मास्तरांनी तो दाबायचा. 'गाडीत बसण्याआधी गाडीकडे बघा' असं ज्या माणसानं हजारदा बजावलं, त्याचीच गाडी आठवड्याआड थंड पडावी, ह्याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि अंधार कशामुळे, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात एक चार्जर कायमचा खुपसलेला होता, आणि त्याच्या वायरीला काडेपेटीएवढा एक गाणी वाजवायचा प्लेअर लटकलेला. प्लेअर म्हातारा झालेला. त्याचा पडदा केव्हाच गेला होता आणि आतली बॅटरीही मेली होती, त्यामुळे गाडीची वीज मिळाली तरच तो जिवंत. ह्या गाडीत चावी काढली तरी त्या भोकातली वीज बंद होत नसे. म्हणजे प्लेअर रात्रंदिवस पीत बसलेला.

"हा बघा तुमचा चोर," बॅटरीवाल्यानं पहिल्याच खेपेला बोट दाखवलं होतं. तोही मास्तरांचाच विद्यार्थी, तोंडाचा फटकळ. "काढा की हा, मास्तर. बॅटरी नवी घाला नाहीतर सोन्याची घाला, घरात पिणारा असला की भांडं रिकामंच."

"तो राहू दे," मास्तर म्हणाले. "बॅटरी बदल."

बॅटरी बदलतानाही मास्तरांनी त्याला घाम फोडला. जुनी सोडवण्याआधी दुसरी बॅटरी वायरींनी जोडून ठेव, म्हणजे गाडीची वीज एक क्षणही तुटता कामा नये, असा हट्ट. "मास्तर, मी गाडीची बॅटरी बदलतोय की माणसाचं काळीज?" बॅटरीवाला म्हणाला. मास्तर त्याच्या हाताकडे बघत तिथेच उभे राहिले आणि काम संपेपर्यंत हलले नाहीत. नवी बॅटरीही दोन आठवड्यांत उतरली. मग तर शंकाच उरली नाही.

ह्या सगळ्याचं मूळ मास्तरीणबाईंमध्ये होतं.

मास्तरीणबाई म्हणजे मास्तरांची बायको. वाचनाचं वेड असं की भाजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचून मगच टाकायच्या. पुढे डोळे अधू झाले, अक्षरं पुसट दिसायला लागली, तेव्हा लेकीनंच हा प्लेअर आणून दिला आणि त्यात एक भली मोठी कादंबरी भरून दिली, कुणीतरी मोठ्यानं वाचलेली. वाचणाऱ्या बुवाला बारा महिने सर्दी असावी असा त्याचा आवाज. डोंगरातल्या एका खानावळीची गोष्ट, आणि तिथे येऊन राहिलेल्या, कुठून आलो ते न सांगणाऱ्या एका घड्याळजीची.

ऐकायची ती फक्त गाडीत आणि फक्त दोघांनी मिळून, असा बाईंचा नियम. संध्याकाळी मास्तर गाडी काढायचे, दोघं तळ्याच्या रस्त्यानं लांब जाऊन यायचे, आणि सर्दीवाला बुवा वाचत राहायचा. गोष्ट रंगात आली की बाईंचा पाय आपोआप शेजारच्या ब्रेकवर पडायचा आणि गाडी भर रस्त्यात गचकन थांबायची. मागचा कर्कश हॉर्न वाजवायचा. "अगं, गाडी मी चालवतोय की तू?" मास्तर ओरडायचे. "थांबा हो, तो जिन्यावरून उतरतोय," बाई म्हणायच्या. घड्याळजी कोण ह्यावर दोघांची पैज लागलेली. तो खानावळीच्या मालकिणीचा पळून गेलेला नवरा, असं मास्तरांचं मत. "हॅट! भाऊ आहे तो. तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत, म्हणून तर मला केलीत," असं बाईंचं.

एका संध्याकाळी गाडी घरासमोर येऊन उभी राहिली आणि घड्याळजीनं मालकिणीचं दार वाजवलं, अशा जागी गोष्ट आली होती. मास्तरांनी इंजिन बंद केलं. बुवा वाचतच होता.

"अहो, एवढं संपेपर्यंत बसू या की इथेच," बाई म्हणाल्या.

"इंजिन बंद करून ऐकत बसलं तर बॅटरी उतरेल."

"एवढ्यानं?"

"एवढ्याएवढ्यानंच उतरते. उद्या ऐकू." आणि मास्तरांनी बटण दाबून बुवाला गप्प केलं.

"तुमची ती बॅटरी!" बाई म्हणाल्या, पण भांडल्या नाहीत. पदर सावरून उतरल्या आणि कुलूप काढायला पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. दूध उतू जाऊन विझलेल्या बर्नरच्या वासानं मास्तर आत गेले.

तेव्हापासून प्लेअर तसाच होता. त्याचं पुढे एक वाक्यही मास्तरांनी ऐकलं नव्हतं. बटण दाबलं तर बुवा बाईंना सोडून पुढे निघून जाईल. आणि वायर काढली तर? प्लेअरची आतली बॅटरी मेली तेव्हाच दुकानदारानं सांगितलं होतं, वीज तुटली की ह्याला काही आठवणार नाही, थेट पहिल्या पानापासून सुरू. पडदा नाही, आकडे नाहीत, भाग पाडलेले नाहीत, अख्खी कादंबरी एका दमात. बाईंनी जिथे ऐकणं सोडलं ती जागा जगात दुसरीकडे कुठेच नव्हती, फक्त त्या काडेपेटीत होती.

शिवाय बॅटरीपायी बाईंना एकदा ऐकता ऐकता उठवलं होतं. पुन्हा बॅटरीपायीच त्यांना उठवायचं, हे मास्तरांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

हे लेकीला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की त्याच्या मागून दुसरं येणार, 'बॅटरी उतरेल' हे, आणि ते मास्तरांना स्वतःलाही ऐकवत नव्हतं. त्यापेक्षा हेकट म्हातारा म्हणवून घेणं सोपं. "मी त्यावर बातम्या ऐकतो," त्यांनी ठोकून दिलं. त्या प्लेअरवर बातम्या ऐकू येण्याची सोयच नव्हती, पण लेकीनं वाद घातला नाही. बाप एकटा पडलाय, चक्रम झाला तर होऊ दे, असं तिनं मनाशी ठरवलं असावं.

लेकीला मास्तर 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. आली की आधी फ्रीज उघडायची, मग औषधांचा डबा, मग बापाच्या बुटांचे तळ बघायची. मनानं आईवर गेलेली आणि जिभेनं बापावर. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहावं लागलं त्या दिवशी गाडीत ती तेवढंच बोलून थांबली. उतरताना मात्र म्हणाली, "बाबा, आज माझा पाय होता. उद्या तुमच्या छातीत दुखलं आणि ही बया सुरू झाली नाही तर?"

"तर चालत जाईन."

"काढा तो प्लेअर."

"बघू," मास्तर म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता.

पुढे लेकीचं प्लास्टर निघालं, आणि मास्तरांच्या मोतीबिंदूची पाळी आली. ऑपरेशननंतर चार दिवस लेकीकडे राहायचं ठरलं. डोळ्यावर पट्टी बांधून मास्तर लेकीच्या बाहेरच्या खोलीत पडून होते, आणि लेक त्यांचे कपडे आणायला म्हणून त्यांच्या घरी गेली. परत आली ती जरा खुशीत वाटली. तिथे गाडी धुतली, आत झाडून घेतलं, म्हणाली. मास्तरांनी झाकल्या डोळ्यांनीच "शाबास" म्हटलं.

पट्टी निघाल्यावर लेक त्यांना घरी सोडायला आली. नव्या डोळ्याला सगळंच धुतल्यासारखं दिसत होतं. मास्तर आधी गाडीकडेच गेले. दार उघडून आत बसले, आणि त्यांना ते भोक रिकामं दिसलं.

चार्जर नव्हता. पुढचा कप्पा उघडला तर प्लेअर आत होता, पुसून लख्ख केलेला, वायरीची छान गुंडाळी करून तिला रबर लावलेलं.

"कधी काढलास?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही ऑपरेशनला गेलात त्याच दिवशी. रागावू नका. आता बघा, गाडी कशी सुरू होते."

मास्तरांनी वायर उलगडली. चार्जर भोकात बसायला वेळ लागला. त्यांनी बटण दाबलं. सर्दीवाल्या बुवानं घसा खाकरला आणि ताज्या दमात कादंबरीचं नाव सांगितलं. मग पहिलं वाक्य. डोंगराच्या कुशीत एक खानावळ होती.

मास्तरांनी बटण दाबून त्याला बंद केलं. काय करावं न सुचून त्यांनी चावी फिरवली.

'टक.'

लेक बाहेर उभी होती. तिनं ते ऐकलं आणि वाकून आत बघितलं. "हे कसं काय? मी तर काढला होता ना तो!"

बॅटरीवाला आला. ह्या वेळी त्यानं मीटर काढला, जो पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. एक एक वायर सोडवून काटा बघत तो स्टेअरिंगखाली पाठीवर आडवा झाला, आणि तिथून त्याचा आवाज आला, "मास्तर, हा ट्रॅकर कुणी बसवला?"

"कसला ट्रॅकर?"

त्यानं एक काळी चपटी डबी ओढून बाहेर काढली. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवते ती. "जोडणी बघा कसली केलीय. गाडी झोपली तरी हा डोळा मिटत नाही. ह्यानं प्यालीय सगळी बॅटरी."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. लेक जमिनीकडे बघत होती.

"मी बसवला," ती म्हणाली. "आई गेल्यावर तुम्ही रोज संध्याकाळी गाडी घेऊन जायचात, फोन उचलायचा नाहीत. मला काय काय वाटायचं. सर्व्हिसिंगला गाडी दिली होती ना, तेव्हा एकाकडून लावून घेतला. तुम्ही तळ्याच्या रस्त्यावर जाऊन थांबता, एवढं दिसायचं. मग मला झोप लागायची."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात, तिथे काय करता ते."

बॅटरीवाल्याला इथून पळून जावंसं वाटत होतं. ते जमेना, म्हणून तो आपल्याच चुकीविषयी बोलायला लागला. "माझंच चुकलं, मास्तर. प्लेअर डोळ्यांसमोर लोंबत होता, म्हणून बसल्या जागी त्याच्यावर ढकललं. चोर सोडून संन्याशाला सुळी. हे बघा, आता नुसता प्लेअर लावतो." त्यानं तो लावला. "काटा हललासुद्धा नाही नीट. चांगल्या बॅटरीला हा कित्येक आठवडे जड नाही."

मास्तरांनी वाकून काटा स्वतः बघितला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की बॅटरीवाल्याला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय.

"इंजिन बंद करून... अर्धा तास कुणी ह्यावर ऐकत बसलं, तर?"

"अर्धा तास?" बॅटरीवाला हसला. "गाडीचा टेप धरला तरी काही होत नाही. डास चावून हत्ती मेलाय का कधी? रात्रभर बसा की. मास्तर, तुम्हीच आम्हाला शिकवलं आणि तुम्हीच विचारता?"

मास्तर गाडीतून उतरले, घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवस त्यांनी ते कुणासाठी उघडलं नाही. दुधाची पिशवी बाहेरच राहायची. बाईंचं काय, माणूस जायचं तेव्हा जातं, ते बॅटरीनं थांबत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण त्या संध्याकाळी बाईंनी आयुष्यातली शेवटची गोष्ट मागितली होती, ती फक्त अर्धा तास होती, आणि ती द्यायला काहीसुद्धा लागत नव्हतं. गाडीबद्दल बाई ह्या एकाच वेळी बरोबर होत्या. 'एवढ्यानं?' असं त्यांनी विचारलंही होतं.

लेक आली ती दाराबाहेर पायरीवर बसून राहिली. शेवटी मास्तरांनी दार उघडलं आणि तिथेच उंबऱ्यात बसून दोन्ही वाक्यं सांगितली. आधी जागेचं, मग बॅटरीचं. लेक रडली. "मला आधी सांगितलं असतंत तर मी हात तरी लावला असता का त्याला?"

"नसतास लावला."

"मग?"

"चूक माझी. एका वाक्याचं काम होतं," मास्तर म्हणाले. तिच्या डबीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

अंदाजानं पुढे ढकलून बघू, असं लेकीनं सुचवलं. मास्तर नको म्हणाले. अंदाज चुकून बाईंच्या पुढे जाऊन पडलो तर? त्यापेक्षा पहिल्यापासून ऐकू, ती जागा आली की कळेलच. दाराचा आवाज आहे तिथे, घड्याळजी दार वाजवतो. मास्तरांना ते पाठ होतं.

मग संध्याकाळी लेक कामावरून परस्पर यायला लागली. शेजारच्या सीटवर ती, तळ्याचा रस्ता, आणि सर्दीवाला बुवा. मास्तर कान टवकारून चालवायचे. घड्याळजीनं दार वाजवलं. मास्तरांनी बोट उचललं, "हेच!" पण पुढे मालकिणीची धाकटी मुलगी बाहेर आली, आणि हे तर ऐकलेलं होतं. पुढे पुन्हा दार वाजलं, तेही ऐकल्यासारखं वाटलं. त्या मेल्या घड्याळजीला दारं वाजवण्याखेरीज उद्योगच नव्हता. मास्तरांना आता प्रत्येक प्रसंग आठवायचा, आणि तो बाईंबरोबर ऐकलेला की लेकीबरोबर, ते आठवायचं नाही. "इथे तुझी आई हसली होती," ते म्हणायचे, आणि क्षणभरानं, "बहुतेक."

एके दिवशी परतीच्या वाटेवर मालकिणीनं घड्याळजीला नावानं हाक मारली, त्याच्या लहानपणच्या नावानं. लेकीचा पाय शेजारच्या ब्रेकवर पडला. गाडी गचकन थांबली, मागच्यानं हॉर्न वाजवला.

"बाबा, तो भाऊ आहे तिचा!"

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. पैज बाई जिंकल्या होत्या. हे बाईंनी नक्कीच ऐकलेलं नव्हतं, ऐकलं असतं तर मास्तरांना वर्षभर सुखानं जेवू दिलं नसतं. म्हणजे ती जागा होऊन गेली होती. आज, नाहीतर काल, नाहीतर परवा, ते दोघं बोलता बोलता बाईंना मागे ठेवून पुढे आले होते.

"ती जागा आली का?" लेकीनं हळूच विचारलं.

"गेली," मास्तर म्हणाले. "कधी गेली, कळलं नाही."

घर आलं. मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि सवयीनं त्यांचा हात बटणाकडे गेला. बुवा वाचत होता. लेक उतरायला वळली होती, ती त्यांच्या हाताकडे बघत थांबली.

मास्तरांनी हात मागे घेतला. "बस," ते म्हणाले. "एवढं संपेपर्यंत बसू या इथेच."

दोघं अंधार पडेपर्यंत बसून राहिले. समोरच्या घरातले दिवे लागले, शेजारचा एकदा डोकावून गेला. कादंबरी संपली तेव्हा लेक उतरून कुलूप काढायला पुढे गेली.

सकाळी मास्तर बाहेर आले, गाडीत बसले आणि देवाला हात जोडावेत तसे क्षणभर चावीवर हात ठेवून थांबले. गाडी सुरू होऊ नये, असं त्यांना फार वाटत होतं. एकदा तरी 'टक' म्हणावं, म्हणजे त्या संध्याकाळी आपण बरोबर होतो.

त्यांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.